चहाच्या खोक्यापासून मखराच्या जाळीपर्यंत



मागच्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्या गटानं ४० मखरांची ऑर्डर घेतली होती. आम्ही ११ जणी. तालुक्याच्या गावी लेझरनं लाकूड कापायचं मशीन आलंय, तिथं तासावर पैसे देऊन काम करून मिळतं. शीट मात्र आपण न्यायचं. आम्ही गटाच्या खात्यातून कर्ज उचललं आणि दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "ताई, देवाचं काम आहे, पाणी लागणार, पंचामृत सांडणार. हलका माल घेऊ नका. हा घ्या, उकळत्या पाण्यातसुद्धा सुटत नाही." आम्हाला पटलं. जास्तीचे पैसे मोजून आम्ही वरच्या दर्जाचं, दोन सुतांचं, म्हणजे ६ मिलिमीटरचं प्लायवूड घेतलं.

मशीनवरच्या पोरानं पहिली जाळी लावली. किरण फिरला, धूर निघाला, वास सुटला. फळी उचलली तर जाळी फळीलाच चिकटलेली. त्यानं दुसऱ्यांदा किरण फिरवला, मग तिसऱ्यांदा. नाजूक कमळाच्या पाकळ्या कोळसा होऊन खाली पडल्या, आणि जाड भाग तसाच धरून राहिला. पोरगं म्हणालं, "काकू, हे कापत नाहीये, नुसतं जळतंय." तीन शीटं वाया गेली तेव्हा आम्ही थांबलो.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही हे सांगायला नको. पण आम्हाला जास्त लागलं ते वेगळंच. आमच्या आज्यांना लाकूड कळायचं. औताला आणि गाडीच्या चाकाला बाभूळ, दाराला साग, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सावंतवाडीच्या चितारी कारागिरांनी रंगीत खेळण्यांसाठी पांगारा निवडला, कारण तो हलका, मऊ, कोरायला सोपा. त्याच पांगाऱ्याचं औत कुणी केलं असतं तर लोक हसले असते. आणि आम्ही शिकल्यासवरल्या बायका दुकानात जाऊन "चांगल्यातलं द्या" म्हणालो. चांगल्यातलं म्हणजे कशासाठी चांगलं, हे विचारलंच नाही. मग आम्ही शोधायला लागलो, की ही शीटं आली कुठून, ती कुणी आणि कशासाठी केली. जे सापडलं ते आज सांगतो.

आधी किरणाचं सांगू. त्यात आपल्या मातीतली एक गोष्ट आहे.

पहिला लेझर अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणकाच्या स्फटिकातून काढला. तो झगमगला, जगभर नाव झालं, पण त्यानं लाकूड कापायचं काम होणारं नव्हतं. आज तालुक्याच्या मशीनमध्ये जी लांब काचेची नळी दिसते, तिच्यात कार्बन डायऑक्साईड वायू असतो. या वायूचा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी तयार केला. हे कुमार पटेल १९३८ साली आपल्या बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन पुढं परदेशी गेले. म्हणजे मखराची जाळी कापणारा किरण एका अर्थी बारामतीकराचाच. आम्ही हे मशीनवरच्या पोराला सांगितलं तर त्याचा विश्वास बसेना.

सुरुवातीला या वायूतून निघणारी शक्ती अगदी थोडी होती. पटेल यांनी त्यात नायट्रोजन मिसळल्यावर ती कितीतरी वाढली, पुढं हेलियमनं आणखी. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, तो उष्णतेचा किरण आहे. चकचकीत तांब्यावरून तो परत फिरतो, पण लाकूड, कागद, कापड त्याला पिऊन टाकतात. म्हणून तो आपल्या कामाचा. भिंगातून तो केसासारख्या जागेत गोळा होतो आणि तिथलं लाकूड वितळत नाही, कारण लाकूड वितळतच नाही. ते थेट धूर आणि कोळसा होतं. लेझरनं कापलेली कड तपकिरी किंवा काळी का दिसते, त्याचं कारण हेच. कुणी तुम्हाला "काळी कड येणारच नाही" असं म्हणालं तर हसून पुढं जा. कड कमी काळी करता येते, गोरी करता येत नाही.

१९६७ साली इंग्लंडात केंब्रिजजवळच्या वेल्डिंग संस्थेत पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी या किरणाबरोबर प्राणवायूचा झोत सोडून पोलादाचा पत्रा कापून दाखवला. लाकडाला प्राणवायू नको, पेट घेईल. तिथं साध्या हवेचा झोत पुरतो. तो धूर उडवतो आणि ज्योत विझवतो. लाकडाचं काम कारखान्यात सुरू झालं ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि तेही शोभेसाठी नाही. पुठ्ठ्याचे खोके कापायला जे साचे लागतात, त्यांत जाड प्लायवूडमध्ये बारीक खाचा पाडून पोलादी पाती बसवतात. त्या खाचा हातानं पाडणं फार कष्टाचं. ते काम लेझरकडं गेलं. तुमच्या घरी मिठाईचा जो खोका येतो, त्याच्या कातरकामामागं बहुधा असाच एक लाकडी साचा असतो.

आता शीटांकडं येऊ. प्लायवूडची कल्पना फार जुनी. इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या पायऱ्यांच्या पिरॅमिडमध्ये लाकडाच्या सहा पातळ थरांची शवपेटी सापडली आहे, साडेचार हजार वर्षांपूर्वीची. एका थराचे रेषे उभे, तर पुढच्याचे आडवे, आणि थर छोट्या लाकडी खुंट्यांनी जोडलेले. उभं-आडवं का? लाकूड रेषेच्या दिशेनं सहज चिरतं, हे सरपण फोडणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. दोन थर उलटसुलट ठेवले की एक दुसऱ्याला चिरू देत नाही. गोधडीत आपण थरावर थर ठेवून टाके घालतो, तसंच काहीसं.

पुढं यंत्रं आली. पेन्सिल टोकताना जशी अखंड साल निघते, तसा ओंडका गरगर फिरवून पात्यानं त्याची लांबच लांब साल काढायची, हे यंत्र एकोणिसाव्या शतकातलं. १८६५ साली न्यूयॉर्कच्या जॉन मेयो यांनी उलटसुलट थरांच्या फळीचं पेटंट घेतलं. १९०५ साली अमेरिकेच्या पोर्टलंड शहरातल्या जत्रेवजा मोठ्या प्रदर्शनात एका स्थानिक कारखान्यानं अशा फळ्या मांडल्या. सरस लावायला रंगाचे ब्रश आणि दाबायला घरं उचलायचे जॅक वापरले होते म्हणे! आपल्या गटाचं पहिलं पापड मशीन आठवलं ना?

पण प्लायवूड जगभर फिरलं ते चहामुळं. बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियात तयार झालेले हलके खोके इंग्रज व्यापाऱ्यांनी चहासाठी उचलले. जड फळ्यांच्या पेटीपेक्षा हे हलके, जहाजाचं भाडं कमी. आसामच्या चहाला असले खोके हजारोंनी लागत, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत आसामातच प्लायवूडचे कारखाने निघाले. होलोंग नावाचे उंच सरळसोट वृक्ष तिथं भरपूर. कित्येक वर्षं आपल्या देशातलं प्लायवूड म्हणजे ईशान्येच्या जंगलाचं प्लायवूड.

ते संपलं १२ डिसेंबर १९९६ ला. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जंगलतोडीवर कडक बंधनं घातली आणि ईशान्येकडून बाहेर लाकूड पाठवायला मनाई केली. तिथले कारखाने बंद पडले. कामगारांचे हाल झाले, ते विसरू नये. जंगल मात्र थोडं सावरलं. धंदा सरकला हरियाणातल्या यमुनानगरला आणि केरळातल्या पेरुंबावूरला. यमुनानगरला शेतकरी बांधावर पॉपलर आणि निलगिरी लावतात, केरळात रबराची म्हातारी झाडं मिळतात. म्हणजे आज आपण घेतो ते प्लायवूड बहुतेक शेतात पिकलेलं असतं. आम्हाला हे ऐकून बरं वाटलं. लेझरच्या दृष्टीनंही बरं आहे, कारण पॉपलर हे हलकं, पांढरट, मऊ लाकूड, किरण त्यातून सरळ जातो. निलगिरी जड आणि घट्ट, तिला वेळ लागतो. एकाच जाडीची दोन शीटं हातात घेऊन पाहिली तर वजनातला फरक कळतो.

आणि आता आमच्या फसलेल्या शीटचं कोडं. ते लाकडात नव्हतं, सरसात होतं.

जुने सरस म्हणजे जनावरांची हाडं-कातडी, दुधातलं केसीन, रक्त, सोयाबीनचं पीठ. पाणी लागलं की सगळे सुटायचे. १९०७ च्या सुमारास बेल्जियममधून अमेरिकेत गेलेल्या लिओ बेकलँड यांनी फिनॉल आणि फॉर्माल्डिहाईड यांच्यापासून बॅकेलाईट तयार केलं. बॅकेलाईट आपल्या घरात आहे. कुकरची काळी मूठ ती. वर्षानुवर्षं शेगडीवर राहते, वितळत नाही, पेटत नाही. १९३४ साली अमेरिकेत जेम्स नेव्हिन यांनी त्याच कुळातला सरस प्लायवूडला लावून पूर्ण जलरोधक फळी केली. पुढं होड्या, घरं, पूल बांधायचे साचे सगळीकडं ती गेली. आपल्याकडं बीडब्ल्यूआर किंवा मरीन म्हणून जे प्लाय मिळतं, त्यातला सरस याच घराण्यातला.

म्हणजे दुकानदारानं आम्हाला फसवलं नव्हतं. त्यानं खरोखरच उकळत्या पाण्याला टिकणारा माल दिला होता. फक्त आम्ही कुकरच्या मुठीचे थर उष्णतेच्या किरणानं कापायला निघालो होतो. किरण लाकडाचा थर पार करतो, सरसाच्या थराशी येतो, तिथं कडक कोळशाचा पापुद्रा तयार होतो आणि तो खालच्या थराला राखतो. सुताराच्या करवतीला याचं काही वाटत नाही. लेझरला वाटतं.

याच प्लायचा स्वस्तातला भाऊ एमआर. त्यात युरियाच्या सरसाचे थर असतात. दमट हवा सोसतो, पाण्यात भिजणं सोसत नाही. लेझर मात्र तो सहज कापतो. ओळखायचं कसं? शीटची कड बघा. थरांच्या मध्ये गडद तांबूस-काळ्या रेघा असतील तर फिनॉलचा सरस. रेघा फिकट असतील तर बहुधा युरियाचा. शिक्क्यावर भारतीय मानकाचा आकडा पाहा. ३०३ हा आकडा साध्या वापराच्या प्लायचा, एमआर आणि बीडब्ल्यूआर दोन्ही त्यातच येतात, म्हणून पुढची अक्षरं वाचा. ७१० हा मरीनचा.

प्लायचा आणखी एक दोष आहे, तो वरून दिसत नाही. आतल्या थरात गाठ असते, कुठं पोकळी राहिलेली असते, कुठं पोकळीत सरस आणि भुसा भरलेला असतो. ३९ फुलं सुटून येतात आणि चाळिसावं अडकतं, ते अशा जागी. आम्ही आता शीट बोटानं वाजवून बघतो, मडकं घेताना वाजवतो तसं. बद्द आवाज आला की पुढचं शीट.

हार्डबोर्डची गोष्ट आम्हाला सगळ्यांत आवडली. अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल गावी १९२४ साली विल्यम मेसन लाकूड गिरणीच्या वाया जाणाऱ्या तुकड्यांचं काय करावं या विचारात होते. ते लाकूड वाफेच्या दाबानं फोडून त्याचा कापसासारखा लगदा करायचे. एक दिवस ओला लगदा दाबयंत्रात ठेवून ते जेवायला गेले, यंत्राची वाफ झडपेतून गळत राहिली, आणि परत येऊन बघतात तर लगद्याची कडक, गुळगुळीत फळी झालेली, असं सांगतात. दूध गॅसवर विसरून खरवडीचा शोध लावणाऱ्या आपल्यासारख्याच! लाकडाच्या अंगातच जो चिकटपणा असतो, त्यानंच ती फळी धरली. मुलांचं परीक्षेचं पॅड, फोटोफ्रेमची पाठ, हे हार्डबोर्ड. एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर बहुधा जाळीचा ठसा. रंग मूळचा गडद असल्यानं जळकी कड त्यात लपून जाते. रांगोळीचे पातळ साचे आम्ही त्याचेच करतो.

एमडीएफ या घरातलं सगळ्यांत धाकटं. १९६० च्या दशकात अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या डिपॉझिट या गावी त्याचा कारखाना निघाला. लाकडाचे तंतू कोरडे ठेवून, हवेनं वाहून नेऊन, त्यांत युरियाचा सरस मिसळून दाबायचे. यात रेषा नाही, गाठ नाही, पोकळी नाही. बर्फी जशी कुठूनही कापा सारखीच, तसं. लेझरवाल्यांना ते आवडतं, आणि बारीक नक्षीला त्याच्यासारखं दुसरं नाही. म्हणून आमची उरलेली मखरं त्या वर्षी आम्ही ३ मिलिमीटरच्या एमडीएफमध्ये केली. दोन दिवसांत काम झालं, वेळेत पोचवलं, आम्ही पेढे वाटले.

दीड दिवसाचा गणपती गेला आणि फोन सुरू झाले. अभिषेकाचं पाणी मखराच्या तळाशी साचलं होतं. एमडीएफची कड पाणी पिते, पोह्यासारखी फुगते, आणि एकदा फुगली की सुकूनही पूर्ववत होत नाही. सात घरांना आम्ही पैसे परत दिले. बाकीच्यांनी काही म्हटलं नाही, पण या वर्षी ऑर्डर देताना पहिला प्रश्न तोच विचारला.

एमडीएफबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. त्यात सरस जास्त, म्हणून कापताना धूर जास्त आणि तिखट. त्या सरसातलं फॉर्माल्डिहाईड माणसाला कर्करोग करू शकतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्ये जाहीर केलं आहे. मशीनच्या धुराचा पाइप खिडकीबाहेर गेलेला नसेल, तर तिथं काम करायला बसू नका. पदर नाकाला लावून हा धूर अडत नाही. गरोदर बाई किंवा लहान मूल त्या खोलीत नकोच. आमच्यातल्या एकीला दोन दिवस डोळ्यांची आग होत होती, आम्ही ती चुलीची सवय म्हणून उडवून लावली, हे आमचं चुकलं.

आणि रेक्झिन किंवा पीव्हीसी चिकटवलेलं शीट मशीनमध्ये कधीच घालू नये. त्यातून क्लोरीनचा तेजाबी वायू निघतो, तो छातीलाही वाईट आणि मशीनच्या लोखंडालाही. एकीनं जुन्या कपाटाचं पॅनेल "फुकटचं आहे" म्हणून आणलं होतं. आम्ही ते परत पाठवलं. ती थोडे दिवस रुसली.

मग या वर्षी काय केलं? जाळी आणि कमान ३ मिलिमीटर एमडीएफचीच ठेवली. कापायच्या आधी वरून कागदी चिकटपट्टी लावली, त्यामुळं धुराचे डाग फळीवर न बसता पट्टीवर बसले. कडांना प्राइमरचे दोन हात दिले, खालच्या कडेला तीन. आणि ज्या तळाला पाणी लागतं, तो साधा चौकोनी तळ आम्ही मागच्या वर्षीच्या उरलेल्या जलरोधक प्लायचा केला, आमच्या गावच्या सुताराकडून, करवतीनं. त्याच्या सरसाला लेझर जमला नाही तरी करवत जमते. वाया गेलं म्हणून गोठ्यात उभं केलेलं शीट कामाला आलं.

गोठ्यात उभं केलं होतं हीही चूकच होती. शीट भिंतीला टेकवून उभं ठेवलं की बाक येतो, आणि बाक आलेल्या शीटवर किरणाचं भिंग कुठं जवळ, कुठं लांब पडतं, मग मधे कापतं आणि कोपऱ्यात नाही. एक शीट आम्हाला पंधरा दिवस फरशीवर धान्याच्या पोत्यांखाली दाबून सरळ करावं लागलं. जाडीही मोजून घ्या. ३ मिलिमीटर म्हणून विकलेलं शीट नेमकं ३ असेलच असं नाही, आणि किरण स्वतः थोडं लाकूड खातो. त्यामुळं एकात एक बसणाऱ्या खाचा कधी सैल होतात, कधी शिरत नाहीत. आता आम्ही कुठलंही नवं शीट आलं की आधी चार कोपऱ्यांत आणि मधोमध रुपयाएवढी चकती कापून घेतो. पाचही चकत्या आपोआप खाली पडल्या तरच पुढं जायचं. चकत्या फेकत नाही, त्यांना भोक पाडून किल्ल्यांना लावतो.

यंदाच्या ऑर्डरी ५२ झाल्या आहेत. तळ सगळे कापून झाले, प्राइमरचा दुसरा हात कालच दिला. दुकानदार मागच्या आठवड्यात भेटला आणि म्हणाला, "ताई, नवा माल आलाय, एकदम वरचा." आम्ही त्याच्याकडून वीतभर तुकडा मागून घेतला आणि तालुक्याला जाणाऱ्या एसटीत बसलो.